टँक इंजिन येईपर्यंत

किस्से घडायला फार काही लागत नाही. चार माणसं हवीत, चहा हवा आणि कशाची तरी वाट बघायची हवी. वस्तू वेळेवर आली की तिचा किस्सा होत नाही, नुसती पावती होते. आमचं इंजिन वेळेवर आलं असतं तर आज माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही उरलं नसतं.

चार माणसं म्हणजे मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या गायकवाडकाकांच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी जमणारे आम्ही. काका रेल्वेतून शंटिंग जमादार म्हणून रिटायर झालेले. यार्डात डबे जोडून गाडी तयार करायची आणि इंजिनाच्या ड्रायव्हरला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. दुसरे जिग्नेशभाई, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. खेळातले रूळ आणि गाड्या मूळच्या त्यांच्या, पण त्यांच्या घरात टेबल मांडायला जागा नाही. तिसरा खारीगावचा हरेश पाटील, रेती-सिमेंटचा सप्लायर. गाडी चालवायचा कंट्रोलर फक्त त्याच्या हातात. आणि चौथा मी, औषधांच्या गोदामात नोकरी करणारा. रोज चार ओळी लिहायची सवय, म्हणून काका मला 'लेखनिक' म्हणायचे.

काकांची मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. तिथे प्लायवूडचं मोठं टेबल आलं, त्यावर लंबगोल रूळ, एका कडेला छोटं यार्ड. जिग्नेशभाईंनी यार्डासाठी एका छोट्या बोर्डावर स्वतःचं नाव लिहून आणलं होतं. काकांनी तो बोर्ड उलटा करून ठेवला. म्हणाले, "जागा माझी, यार्ड माझं!"

* * *

काकांची आणि जिग्नेशभाईंची ओळख दुकानातच झाली. दिवाळीत जिग्नेशभाई शोकेसमध्ये पातेल्यांच्या मधून छोटी गाडी फिरवायचे. काका डबा घ्यायला गेले आणि काचेपाशीच उभे राहिले. जिग्नेशभाईंनी इंजिन मागे आणलं आणि खाट्कन डब्याला जोडलं.

काका आत आले. "एवढ्या जोरात आणायचं नसतं. माणूस चेपतो."

"कौन माणूस, काका? इथे तर कोणच नाय."

"दोन डब्यांच्या मधे उभा असतो की."

"पण कोण?"

"मी," काका म्हणाले.

जिग्नेशभाईंनी गाडी बंद केली आणि काकांसाठी चहा मागवला.

* * *

मग आमच्या टेबलालाही यार्डाचा नियम लागला. काकांनी हात दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही! टेबलाच्या त्या टोकाला काका उभे राहायचे, या टोकाला कंट्रोलर घेऊन पाटील. एक हात डोक्यावर सावकाश हलला की 'ये'. दोन्ही हात सरळ वर गेले की 'थांब'. तोंडाने बोलायचं नाही, कारण खऱ्या यार्डात इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आमच्या इंजिनाचा आवाज शिवणाच्या मशीनपेक्षाही कमी, पण नियम म्हणजे नियम.

एका रविवारी काकांनी 'ये' दिला आणि तेवढ्यात नांदेडहून मुलीचा फोन आला. काका हॉलमध्ये गेले. नातवाची अॅडमिशन, जावयाची बदली, तिकडचं पाणी, सगळं बोलून झालं. येताना शेंगदाणे खात आले, तर गाडी गरागरा फिरतेय आणि खोलीत जळका वास!

"अरे, अजून चालूच?"

"तुमी दोन हात कुठं दावले?" पाटील म्हणाला. घामाघूम झाला होता, पण जागचा हलला नव्हता.

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा ड्रायव्हर मला नोकरीत मिळायला पाहिजे होता!"

"वा रे वा," जिग्नेशभाई ओरडले, "मोटर माझी जळली आणि शाबासकी याला!"

* * *

काकूंचं वेगळंच. चहा त्याच करायच्या, पण ट्रे दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या. गाडी चालू असताना त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. एकदा मी म्हटलं, "काकू, आत येऊन बघा तरी!"

"नोकरीभर हे दोन डब्यांच्या मधे उभे राहिले आणि मी घरात घड्याळाकडे बघत बसले," काकू म्हणाल्या. "आता माझ्याच घरातल्या यार्डात पाय ठेवू होय?"

"ही खेळण्यातली आहे गं," काका आतून म्हणाले.

"तुम्हाला कुठं खेळण्यातली वाटते?"



* * *

जिग्नेशभाईंनी डिझेल इंजिनाचं मॉडेल आणलं, तेव्हाची गोष्ट. नवी गाडी म्हटल्यावर चाकाखाली लिंबू हवंच, असा त्यांचा हट्ट.

"लिंबूबिंबू आमच्या घरात चालत नाही," काका म्हणाले. "बाबासाहेबांच्या फोटोसमोर हे असलं करायचं?"

"अरे काका, शगुन आहे! छोटं काहीतरी चालेल."

शेवटी तडजोड म्हणून वाटाणा ठरला. काकूंनी दारातूनच एक भिजवलेला वाटाणा दिला. जिग्नेशभाईंनी तो रुळावर ठेवला, काकांनी हात दिला, पाटीलने बटण फिरवलं. नवंकोरं इंजिन वाटाण्यावर चढलं, कलंडलं आणि टेबलावरून थेट माझ्या मांडीवर!

"पहिल्याच दिवशी अपघात!" काका म्हणाले. "चौकशी बसवा!"

चौकशी बसली. ड्रायव्हर निर्दोष, जमादार निर्दोष. दोषी वाटाणा काकूंनी उचलून नेला आणि दुपारी आम्हाला उसळीत वाढला.

* * *

आता त्या इंजिनाकडे येतो. एका परदेशी कंपनीने जाहीर केलं, की शंटिंगच्या टँक इंजिनाचं नवीन मॉडेल काढतोय. टँक इंजिन म्हणजे कोळसा आणि पाणी स्वतःच्याच अंगावर वागवणारं वाफेचं लहान इंजिन. लांब कुठे जायचं नाही, दिवसभर यार्डातच डबे ढकलायचे. पाटीलने मोबाइलवर चित्र दाखवलं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"हिच्यावरच नोकरीला लागलो मी. पोरगा होतो."

चित्राखाली 'रेडी-टू-रन' लिहिलं होतं. "म्हंजे काय?" पाटीलने विचारलं. जिग्नेशभाई म्हणाले, "डब्यातून काढा, रुळावर ठेवा, चालू!"

"खरीला पहाटेपासून आग घालून तापवायला लागायचं," काका म्हणाले. "आणि ही जन्मतःच तयार!"

"तुम्ही कधी रेडी-टू-रन होता का सकाळी?" काकू बाहेरून म्हणाल्या.

काकांना मात्र एकच काळजी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला खाली लोखंडी पायरी असते. जमादार तिच्यावर उभा राहून, दांडा धरून यार्डभर फिरतो. चित्रात ती नीट दिसत नव्हती. जिग्नेशभाईंनी कंपनीला ई-मेल केला. उत्तर आलं, की आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.

"पायरीचं काय?"

"पायरीचं काय नाय लिहिलं."

"आमचे साहेब तिकडे नोकरीला लागले वाटतं," काका म्हणाले.

तरी बुकिंग केलं. जिग्नेशभाईंनी मुद्दाम काकांच्या नावावर केलं.

* * *

इंजिन दिवाळीपर्यंत येणार होतं. मग उन्हाळ्यात येणार होतं. मग कंपनीने कळवलं, की साच्यात सुधारणा चालू आहे, लवकरच तारीख सांगू.

पाटील हसायला लागला. "ही माझ्या बिल्डरची भाषा हाय! त्याला इचारलं, पजेशन कवा? बोलला, दिवालीला. मी बोललो, शेठ, कंच्या दिवालीला ते पन सांगा!"

सगळे हसलो. काकाही हसले. मग म्हणाले, "इमारतीचं चालतं रे. ती पोरांच्या कामी येते. इंजिन माझ्याच कामाचं आहे."

* * *

त्यानंतर काही दिवसांनी काकांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात लुळा घेऊन. बोलणं जड झालं होतं. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची आणि सांगायची, "काका, हात वर!" काका भिंतीकडे बघत बसायचे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे गेलो, तर काका खुर्ची ओढत टेबलाच्या त्यांच्या टोकाशी आले. डावा हात डोक्यावर हलवला. 'ये'.

पाटीलने गाडी सोडली. एक फेरा झाला, दोन झाले. काकांचा डावा हात सरळ वर गेला. उजवा मांडीवरून हलेना.

"बस कर ना यार," जिग्नेशभाई कुजबुजले.

"एक हात हाय," पाटील म्हणाला. "थांबवायला दोन लागतात. नियम त्यांचाच हाय."

गाडी फिरत राहिली. काकूंनी बाहेरून पाहिलं आणि त्या संतापल्या. "अहो पाटील, माणसाला असं छळतात का?"

काका कपाळाला आठ्या घालून स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि उचलून डोक्यावर नेलं. दोन्ही हात वर!

पाटीलने गाडी थांबवली. "हे... चालेल?" काकांनी तोंड वाकडं करत विचारलं.

"आजच्या दिवस चालंल," पाटील म्हणाला. "टँक इंजिनाला न्हाय चालनार."

तेव्हापासून काकांनी फिजिओवाल्या मुलीला कधी नाही म्हटलं नाही. तिने एकदा काकूंना विचारलं, "यांना एकदम एवढा उत्साह कशाने आला?"

"इंजिन यायचंय आमच्याकडे," काकू म्हणाल्या. 

* * *

हात आधी छातीपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत. तेवढ्यात कंपनीने रंगवलेल्या नमुन्याचे फोटो टाकले. जिग्नेशभाईंनी मोबाइल काकांसमोर धरून फोटो मोठा केला.

काकांनी डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. "पाय...री."

पायरी होती. काकांनी उजवा हात उचलला. खांद्याच्या थोडा वर गेला आणि खाली आला.

"तिकडून निघालं की सांग," ते अडखळत म्हणाले. "तोवर करतो... पूर्ण."

इंजिन तिकडून निघालं त्या आठवड्यात काकांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यातून ते घरी आले, ते आम्ही आणले.

* * *

काकांना शेवटचं नेण्यासाठी आलेली गाडी सोसायटीच्या गेटमधून मागे घ्यायची होती. वॉचमन नेहमीच्या सवयीने गाडीच्या अंगावर थापट्या मारत ओरडत होता, "आने दो, आने दो!"

पांढऱ्या कपड्यातली माणसं बाजूला सरली. त्यांच्यातून पाटील पुढे आला आणि त्याने वॉचमनचा हात धरला.

"थापट्या नको मारू. और चिल्लाओ मत."

मग तो स्वतः मागे जाऊन उभा राहिला. एक हात डोक्यावर सावकाश हलवत त्याने गाडी आणली आणि जिन्यापाशी दोन्ही हात वर केले.

* * *

काकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर पार्सल आलं. जिग्नेशभाई आणि मी काकूंकडेच बसलो होतो. कुरियरवाला दारात. "गायकवाड सर को बुलाइए. उनके मोबाइल पे ओटीपी आएगा."

काकूंनी काकांचा मोबाइल आणला. चार्ज केलेला होता. जिग्नेशभाईंनी आकडे वाचून दाखवले. तो सही घेताना म्हणाला, "सर घर पे नहीं हैं क्या?"

मी काहीतरी बोलणार होतो.

"ड्यूटी पे हैं," काकू म्हणाल्या.

* * *

आणि हा शेवटचा.

रविवारी आम्ही तिघे जमलो. जिग्नेशभाईंनी खोका उघडला. काळं इंजिन, तळहातात मावणारं. पाटील वाकून बघत म्हणाला, "पायरी हाय." मी नुसतं हं म्हटलं.

जिग्नेशभाईंनी ते रुळावर ठेवलं. वाटाण्याचं नाव कोणी काढलं नाही. पाटील कंट्रोलर घेऊन त्याच्या जागी उभा राहिला. समोरचं टोक मोकळं होतं.

"चलाव ना," जिग्नेशभाई म्हणाले.

"हात कोन देल?"

"लेखनिक, तुम्ही द्या."

मी टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेलो. हात अर्धा वर नेला, नाक खाजवलं आणि परत आलो. मग आम्ही तिघेही त्या इंजिनाकडे बघत उभे राहिलो. 

स्टुलावर ट्रे ठेवल्याचा आवाज झाला. काकू दारात होत्या. त्यांनी पदर खोचला आणि खोलीत पाऊल टाकलं. टेबलाला वळसा घालून त्या काकांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, पाटीलकडे तोंड करून. एक हात डोक्यावर नेला आणि सावकाश हलवला. कोपर ताठ, मनगट सैल. हुबेहूब.

पाटीलने बटण फिरवलं. इंजिन हळूच हललं, यार्डातून निघालं, सांध्यांवरून बाहेर आलं आणि मुख्य रुळाला लागलं. पहिला फेरा झाला. दुसरा झाला. काकूंनी हात खाली घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्या बघत राहिल्या.

"काकू," जिग्नेशभाई हळू आवाजात म्हणाले, "थांबवायचं?"

"चहा घ्या," काकू म्हणाल्या. "निवतोय."

मी ट्रे आत आणला. चहा आम्ही उभ्यानेच घेतला. पाटीलने डाव्या हाताने घेतला, उजवा कंट्रोलरवरच होता.