बाबांनी पाहिलेली कॉलेजं

मी इंजिनीअरिंगचा फॉर्म भरला त्या वर्षी माझ्या आधी बाबाच कॉलेजात जाऊन आले. एका नव्हे, चार कॉलेजांत.

बाबा मुंबईत एका उंच इमारतीत लिफ्टमन आहेत. राहतात गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून ठेवलेल्या खोलीत, आमच्या वाडीतल्या सात-आठ जणांबरोबर. आई आणि मी इकडे, वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत. अकरावी-बारावी मी रोज एसटीने महाडला जाऊन केली. सीईटीला मार्क बरे पडले. बरे म्हणजे असे, की मुंबईतल्या एखाद्या नव्या कॉलेजात कॉम्प्युटर सहज मिळेल, जुन्या नावाजलेल्या कॉलेजात मात्र मिळालंच तर इलेक्ट्रिकल. वाडीत याआधी कुणी इंजिनीअर झालं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. मुंबईला असलेले सगळे एकच सांगत होते, कॉम्प्युटर घे.

बाबा फोनवर म्हणाले, "मोबाइलवर सगळीच कॉलेजं चांगली दिसतात गो. नावं पाठव. मी जाऊन बघतो."

त्यांची सुट्टी बुधवारची. दोन बुधवारांत त्यांनी मुंबईतली चार कॉलेजं पालथी घातली. बाहेर पडले की गेटवरूनच फोन करायचे. आई रानातून आलेली असायची. पाय धुऊन ओटीवर बसायची आणि मला स्पीकर लावायला सांगायची.

"पहिलं कॉलेज एकदम नवीन हाय," बाबा सांगत. "सगळीकडे काचा. आत सोडत नव्हते, पण मुलीचं अॅडमिशन हाय म्हटल्यावर बसायला खुर्ची दिली. कॉम्प्युटर रग्गड. कॅन्टीनमध्ये उसळ खाल्ली, फिकी होती."

"पोरींच्या राहण्याचं काय?" आईचा प्रश्न ठरलेला. "तिथं कोण बाई असते का लक्ष ठेवायला?"

बाबांनी तेही विचारलेलं असायचं. न्हाणीघरात पाणी किती वाजेपर्यंत येतं इथपर्यंत.

चौथं कॉलेज जुनं होतं, दगडी. त्या दिवशी फोन उशिरा आला आणि बाबा थांबेचनात. इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेबाहेर ते घुटमळत होते तेव्हा आतल्या एका असिस्टंटने विचारलं, काय काम करता? लिफ्टमन म्हटल्यावर त्या माणसाने त्यांना आत नेलं, एक मोटर चालू करून दाखवली, फळ्यावर चित्र काढलं.

"बावीस वर्षं लिफ्ट चालवतोय मी," बाबा म्हणाले. "दुसऱ्या बाजूला वजन लटकतं म्हणून ती एवढ्या हलक्यानं वर जाते, आणि लाइट गेली की ब्रेक आपोआप लागतो, ते आज नीट समजलं. बटन दाबतो फक्त, बाकी कधी कोण सांगितलंच नाय."

आई माझ्याकडे बघून हसली. बाबांना इतकं बोलताना आम्ही दोघींनी फारसं ऐकलं नव्हतं. शेवटी मात्र ते म्हणाले, "पण तू कॉम्प्युटरच घे. आमच्या बिल्डिंगमधले सगळे साहेब तेच सांगतात."

फॉर्म भरायला बाबा रजा टाकून आले. महाडच्या बाजारपेठेत एक सायबर कॅफे आहे, तिथे आम्ही बसलो. कॅफेवाल्या ताईने आधीच बजावलं, "पसंतीक्रम नीट ठरवा. एक नंबरला जे टाकाल ते मिळालं तर तेच घ्यावं लागतं, मग बदलता येत नाही."

बाबांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्यांच्या अक्षरात, रेघा मारून लिहिलेला क्रम. एक नंबरवर ते नवीन कॉलेज, कॉम्प्युटर. ताईने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि मी म्हटलं, "ताई, थोडं थांबा."

आम्ही बाहेर येऊन समोरच्या हॉटेलात चहा घेतला. मग मी म्हटलं, "बाबा, मला ते इलेक्ट्रिकल आवडलं."

बाबांनी कप खाली ठेवला. "ते मला आवडलं गो. माझ्यासाठी तू कशाला घेतेस?"

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. खरंच त्यांच्या आनंदामुळे मला तसं वाटत होतं का? थोडंफार असेलही. पण बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटरचा काटा हलला की मी तास संपला तरी टेबल सोडत नव्हते, हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. विषय निघालाच नव्हता. ते मी त्या दिवशी सांगितलं. कॉम्प्युटर वाईट नाही, पण त्याच्यासमोर बसून मला अजून तसं कधी झालेलं नाही, हेही सांगितलं.

बाबांनी आईला फोन लावला. आई म्हणाली, "तिला ह्यातलं कळतं, आपल्याला नाय. तिलाच लिहू दे की."

बाबांनी कागद उलटा केला आणि पेन माझ्याकडे दिलं. मी जुन्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल एक नंबरवर लिहिलं. दोन नंबरवर, महाडहून एसटीने तासाभरावर असलेल्या विद्यापीठातलं इलेक्ट्रिकल.

मिळालं दुसरं. पुढच्या फेरीत वरचं मिळेल म्हणून थांबलो, पण ते काही आलं नाही. मी एक दिवस रडले. बाबा मुंबईत, मी पुन्हा इकडेच. त्यांच्या जवळ राहीन असं कुठेतरी मनात धरलं होतं, ते तेव्हा कळलं.

बाबांनी न पाहिलेलं तेवढं एकच कॉलेज होतं. प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. कागद जमा होईपर्यंत बाबा वर्कशॉप, लायब्ररी, मेस सगळं फिरून आले. आईने हॉस्टेलच्या खोलीत गादी दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली. रेक्टरबाई पाचाडच्या निघाल्या. आईच्या मावशीला त्या ओळखत होत्या. मग दोघी व्हरांड्यात अशा बोलत बसल्या की मला तिथून निघून माझी ट्रंक एकटीनेच लावावी लागली.

पहिल्या सेमिस्टरला माझा गणिताचा पेपर राहिला. मी ते फोनवर सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "परत देता येतो ना? मग दे." दिला, सुटला. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरच्या मैत्रिणींना नोकऱ्या आधी लागल्या, तेव्हा दोन-चार दिवस मन खट्टू झालं होतं. पण सकाळी लॅब उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहणारी अजूनही मीच असते. शनिवारी घरी गेले की आई हात पुसत शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "ह्या आठवड्यात काय शिकलीस ते सांग." मी सांगते. तिला किती कळतं ते ती कबूल करत नाही, पण मधेच असा एखादा प्रश्न विचारते की मला वही उघडावी लागते.