हिरवं कार्ड

राज्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि टेक्सासमधल्या एका शाळेत पोरांना चेव यावा म्हणून परीक्षेआधीच बँड लावून जल्लोष करायची तयारी चालली होती. चौथीच्या लोर्ना टीग बाईंच्या भिंतीवर प्रत्येक पोराचं कार्ड होतं. लाल म्हणजे नापास, हिरवं म्हणजे नक्की पास आणि पिवळं म्हणजे काठावरचं. काठावरची पोरं तरली की शाळेचा निकाल चढायचा, म्हणून सगळी शिकवणी पिवळ्यांना. हिरव्यांनी काय करायचं? गप्प बसायचं! हिरव्या मारिसेलाला बाईंनी जल्लोषासाठी चांदण्या काढायला मागे बसवलं होतं.

"बाई! बाई, इकडे या ना!" ती किंचाळलीच. "पाच टोकांची चांदणी पेन्सिल न उचलता निघते. सातचीही निघते. सहाची मेली निघतच नाही, दोन सुटे त्रिकोण होतात! असं का?"

हातातले सराव-प्रश्न टाकून बाई धावल्या. मग आठची निघाली, तसा अख्खा वर्ग बाकांवर चढून ओरडायला लागला. बाईंच्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी कुणीतरी "का" विचारलं होतं!

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक डोकावले. "टीग बाई, पिवळी पोरं सोडून हिच्यापाशी काय करताय? ही पास आहेच की!"

बाई तरातरा भिंतीपाशी गेल्या. त्यांनी मारिसेलाचं हिरवं कार्ड उपटलं आणि पिवळ्यांच्या रांगेत खोचलं.

"घ्या," त्या म्हणाल्या, "आता तरी हिला शिकवू द्याल ना?"