डबल बेल

मामांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घरासमोरचा साधा रस्ता ओलांडता येईना. आता याला काय म्हणावं?

रस्त्याच्या अलीकडे मामांचं घर. पलीकडे रुग्णालय, आणि तिथे तळमजल्यावर, खिडकीलगतच्या खाटेवर मामी. झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती. ती आता कुणाला ओळखत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. मामांना ते पटत नव्हतं, पण छातीठोकपणे नाही म्हणायलाही काही हाती नव्हतं.

पूर्वी ते जीव मुठीत धरून गाड्यांमधून पळायचे. मग पालिकेने रस्ता अरुंद केला, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे उंचवट्यावर घेतले, मधोमध थांबायला बेट बांधलं, हॉर्नवर बंदी घातली. गाड्या मामांसाठी चक्क थांबू लागल्या, आणि तिथेच सगळा घोळ झाला. गाडी थांबली की मामा हात करून म्हणायचे, जा पुढे. गाडीवाला म्हणायचा, तुम्ही जा. या 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'मध्ये भेटीची वेळ टळून जायची.

"आजोबा, जायचंय की नाही?" एका टॅक्सीवाल्याने वैतागून विचारलं.

"तेच कळत नाहीये रे बाबा."

खोटं नव्हतं ते. नोकरीभर त्यांचा पाय कंडक्टरच्या घंटेवर हलला होता. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. आणि कंडक्टर कोण, तर मामी! बसमध्येच दोघांचं जमलं, आणि पुढे संसारातही घंटेची दोरी तिच्याच हातात राहिली.

त्या दिवशीही मामा काठावर, धड ना इकडे ना तिकडे. गाड्या थांबलेल्या, रस्ता गप्प. एवढ्यात समोरच्या खिडकीच्या गजावर चमचा वाजला. टण टण.

मामांचे पाय आपसूक निघाले. ते बेटावर पोचले, तोच पुन्हा, टण. मामा जागीच थबकले. एक स्कूटर नाकासमोरून सुसाट गेली. मग टण टण.

"तिने मला बेल दिली," वॉर्डात शिरताच ते धापा टाकत सिस्टरला म्हणाले.

"काका, त्या दिवसभर चमचा आपटतात. भूक लागली तरी, माशी बसली तरी. उगाच आस लावून घेऊ नका."

मामा पार बुचकळ्यात पडले. सिस्टर कशाला खोटं बोलेल? पण ती स्कूटरही खरीच होती.

"अगं, मला बघून वाजवलीस की उगाच?" त्यांनी मामीला विचारलं. मामी छताकडे बघत राहिली. मामा तिचा हात धरून बसले. मन एकदा हो म्हणायचं, एकदा नाही.

भेटीची वेळ संपली. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. "येतो गं," म्हणाले.

मामीची नजर छतावरून हलली नाही. चमचा मात्र गजावर एकदाच वाजला.

मामा खाली बसले.