पुढच्या दाराचं कुलूप

दिग्रसहून निघालो तेव्हा आईनं एसटीच्या खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं आणि म्हणाली, "परक्याच्या घरी चूल पेटवायच्या आधी विचारजो वो." गाडी सुटेपर्यंत ती तेवढंच बोलली. कापूस येईना म्हणून जिनिंग बंद पडलं होतं. हे तिथं फिटर, मी सरकी वाहणारी. दोघांचं काम एकाच दिवशी गेलं.

यवतमाळला यांना एका बांधकामावर चौकीदारी मिळाली, पण दोन पोरींना घेऊन राहायचं ताडपत्रीखाली. शेजारच्या कॉलनीत एका निवृत्त गुरुजींचं घर बंद होतं. तुम्हा सगळ्या नातलगांना मी आजवर सांगत आले की ते गुरुजींनी राखायला दिलं. खोटं आहे ते. गुरुजींना आम्ही पाहिलंसुद्धा नव्हतं. यांनी पेचकसानं मागच्या दाराचा कोयंडा उतरवला. पुढचं कुलूप तसंच राहू दिलं. आधी मागच्या पडवीत निजलो, थंडी पडली तशी स्वयंपाकघरात सरकलो. चूल पेटवली. विचारायला कोणी नव्हतंच.

"गुरुजींच्या कोन वो तुमी?" शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं.

"गावाकडच्या," मी म्हटलं. त्या एका शब्दावर त्यांच्या नळाचं पाणी मिळू लागलं.

पुढच्या कुलपात मी अधूनमधून खोबरेल तेल सोडायची, गंजू नये म्हणून. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी भाऊबीजेच्या दुपारी एक म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहिली. ढाणकीहून गाड्या बदलत आलेली, हातात फडक्यात बांधलेलं ओवाळणीचं ताट. गुरुजींची बहीण.

"दोन भाऊबीजा आला नाही तो. म्हटलं, आपनच जावं. तू कोन वो?"

खरं सांगितलं तर ती भावाला सांगणार आणि पोरी पुन्हा ताडपत्रीखाली.

"मावशी, हे घर आम्ही घेतलं."

"इकलं? मले न सांगता?" ती पुढच्या दाराकडे बघत राहिली. "कुलूप तं त्याचंच हाय."

"घरासंगंच देलं त्यायनं."

तिनं कुलपाला हात लावला. तेलाची बोटं पदराला पुसली. "बाच्या वावरातला माहा हिस्सा सोडला म्या, तवा हे घर उभं झालं," ती म्हणाली. मी पाणी आणलं, तर घेतलं नाही. "इकलेल्या घरचं पानी कायले?" ताट बांधलेलंच घेऊन परत गेली.

वर्षभरानं गुरुजींचा मुलगा नागपूरहून आला. किल्ली फिरवली आणि कुलूप एका झटक्यात उघडलं, तेव्हा तोच चकित झाला. आम्हाला पाहून ओरडला नाही. आठ दिवसांत खाली करा, म्हणाला. मग पायरीवर बसून बोलत राहिला. "बाबांना अर्धांग झालं, वाचा गेली, तेव्हापासून ते माझ्याकडेच असतात. आत्या धसका घेईल म्हणून तिला कळवलं नव्हतं. आता ती म्हणते, भावानं घर विकलं. समजवायला गेलो तर दारातूनच परत पाठवलं. इथं कोणी आलं होतं का हो?"

"नाही," मी म्हटलं.

पहिलं खोटं भीतीनं बोलले. या दुसऱ्याला तेही कारण नव्हतं. घर तर जाणारच होतं.

यंदा ढाणकीला गेले. इतकी वर्षं का लावली, विचारू नका. म्हातारी आता खाटेवरच असते. सगळं सांगितलं.

"म्हंजे इकलं नवतं त्यानं?"

"नाही."

"तो गेला, तवा मातीलेबी मी नाही गेली."

मग सुनेला म्हणाली, "हिले पानी दे. दुरून आली." ते पाणी मी प्यायले. कसं, ते माझं मला माहीत.

यवतमाळातच लोहाऱ्याकडे आता आमच्या दोन खोल्या आहेत. झालं ना एकदाचं घर, असं तुम्ही दिवाळीला विचारता. झालं. पण फाटक वाजलं की पाय अजून आधी मागच्या दाराकडे वळतात. मग आठवतं, पुढचं दार उघडंच आहे. तिथं जाऊन उभी राहते, आणि आलेला कोण हे कळायच्या आधी त्याला पाणी विचारते.