चातुर्मासात पाहिलेलं घर

घर घेण्यापूर्वी मी त्रेचाळीस प्रश्नांची यादी केली होती. त्यातले पहिले अकरा प्रश्न पाण्याचे. लातूरला घर बघणारा माणूस आधी पाणीच विचारतो. बोअर किती फुटांवर आहे, मे महिन्यात मोटर किती वेळ चालते, जमिनीखाली टाकी आहे का, गल्लीत टँकर वळतो का. टँकरचं तर मी नुसतं विचारलं नाही. रस्त्यानं जाणारा एक टँकरवाला थांबवला आणि त्याला गल्लीत गाडी वळवून दाखवायला लावली. त्यानं वळवली. मी यादीत बरोबरची खूण केली.

माझी नांदेडहून लातूरला बदली झाली, तेव्हा मुलगी दहावी पास झाली होती. तिला पुढचं शिकायला लातूरलाच यायचं होतं, त्यामुळे बदली सोयीचीच पडली. नवरा भोकरच्या शाळेत शिक्षक. तो नांदेडच्या भाड्याच्या घरी राहणार आणि शनिवारी बसनं लातूरला येणार, असं ठरलं. भाड्याच्या घरांत अठरा वर्षं काढल्यावर आता स्वतःचं घ्यायचं, हेही ठरलं. शोधायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमच्या घरात शोधायची सगळी कामं माझ्याकडेच असतात.

हे घर मी चार वेळा पाहिलं. आषाढात एकदा, श्रावणात दोनदा, भाद्रपदात एकदा. सकाळी, दुपारी, पावसात आणि दिवे गेलेले असताना. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे छोटं अंगण. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे मंगल कार्यालयाचं मोठं आवार होतं. फाटकाला साखळी, आत गवत वाढलेलं, रखवालदार खाटेवर बसून रेडिओ ऐकायचा. मी यादीत लिहिलं, ‘पश्चिमेला मोकळी जागा, वारा चांगला.’ दसऱ्याला व्यवहार पूर्ण झाला, त्या दिवशी कार्यालयाच्या फरशीवर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. मी मुलीला म्हटलं, “बघ, किती शांत आहे. अभ्यासाला याहून चांगली जागा मिळायची नाही.”

दिवाळीच्या सुट्टीत राहायला आलो. मग तुळशीचं लग्न झालं.

पुढचं मराठी माणसाला सांगायला नको. चातुर्मासात लग्नं नसतात हे मला माहीत नव्हतं का? माझं स्वतःचं लग्न मार्गशीर्षातलं. घरात पंचांग होतं. पण त्रेचाळीस प्रश्नांत शेजारच्या कार्यालयाबद्दल एकही प्रश्न नव्हता, आणि घर मी नेमकं त्याच चार महिन्यांत पाहिलं, ज्यांत तिथं काही होत नाही. पहिल्याच लग्नाच्या दिवशी सकाळी साडेनऊला जनरेटर सुरू झाला. त्याचं धुराडं थेट आमच्या स्वयंपाकघराकडे. साडेदहाला वरात आली. डीजेच्या भिंती आमच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या. वरच्या खोलीतल्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. मुलगी कानात कापूस घालून खाली आली आणि म्हणाली, “आई, भौतिकशास्त्र नाचायला लागलंय.”

मी फाटक उघडून ऑफिसला निघाले, तर बाहेर तीन गाड्या लावलेल्या. माझी स्कूटी आतच राहिली.

शनिवारी नवरा आला. रविवारी दोन लग्नं होती, एक दुपारचं आणि एक संध्याकाळचं. दोन्ही त्यानं ऐकली. मग माझी यादी काढून चष्मा लावून वाचत बसला.

“टँकर वळतो का. देवघराला जागा हाय का. माळ्यावर गहू ठेवले तर ओल येईल का.” प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तो वाचत होता. “त्रेचाळीस कलमं लिहून राहिली, आणि बँडबाजा एकातही न्हाई!”

हे वाक्य त्यानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. नणंदेचा उदगीरहून फोन आला, “वहिनी, आमच्या पोराचं लग्न जमलं की कार्यालय शोधायला नको म्हणं!” मी हसले. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले, हेही सांगायला हवं.

मार्गशीर्षाचे ते दिवस वाईट गेले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर विक्रीची घरं बघत बसायची. घर घेतलेल्या माणसानं हे करू नये. प्रत्येक घर आपल्या घरापेक्षा चांगलं दिसतं, कारण फोटोत आवाज येत नाही. भेटेल त्याला मी आमच्या घराची रडकथा सांगायची, आणि प्रत्येक वेळी सांगताना ती थोडी वाढायची. मला सगळ्यात जास्त बोचत होतं ते हे, की मुलीची दोन वर्षं माझ्या हातून बिघडणार. तिच्यासाठी घर घेतलं आणि तिलाच बसायला जागा उरली नाही. शेवटी मी एका एजंटला सांगून टाकलं, गिऱ्हाईक बघा. आमची विकायची तयारी आहे.

तो म्हणाला, “मॅडम, दिवाळीला तर राहायला आलाव. लोकं विचारतील, भूत हाय का म्हणून.”

“भूत असतं तर चाललं असतं. ते दिवसा झोपतं,” मी म्हटलं.

गिऱ्हाईक लगेच मिळणार नव्हतं. तोवर काय करायचं, याचं उत्तर समोरच्या घरातून आलं. समोर एक खाला राहतात. साड्यांना फॉल लावणं, पिको, ब्लाउज, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं त्याच खिडकीपाशी त्यांचं मशीन आहे. एकदा फॉल लावायला साडी घेऊन गेले आणि तिथंही माझी कथा सुरू केली.

त्यांनी मशीन थांबवलं. “घर घ्यायच्या आधी मला का न्हाई विचारलं? तुम्ही त्या टँकरवाल्याला पुढं-मागं करवत होता, ते मी हितूनच बघत होते. म्हटलं, बाई लई हुशार हाय, हिला सगळं ठाऊक असंल.”

मी साडीची घडी उगाच पुन्हा घातली.

“आन् आवाज रोज असतो का?” त्यांनी विचारलं.

“रोजच असतो खाला.”

“रोज न्हाई. मुहूर्त असंल तवाच. मला बरोबर ठाऊक, त्या दिवशी नवरीकडच्या बाया पळत येतात, ब्लाउज घट्ट झालं म्हणून. तुम्ही मॅनेजरकडं जाऊन तारखा लिहून आणा की. लिहायची तर हौस हाय तुम्हाला.”

मी त्याच संध्याकाळी कार्यालयात गेले. मॅनेजर मला बघून खुर्चीतून अर्धा उठला. “तक्रार घेऊन आलाव का मॅडम? आधीच्या घरमालकानं तीन अर्ज दिले होते.”

आधीच्या घरमालकानं मला हे सांगितलं नव्हतं. तो राग मी बाजूला ठेवला आणि म्हटलं, “तक्रार नाही. तुमची बुकिंगची डायरी बघायची आहे.”

त्याला वाटलं मी कुठल्या तरी खात्याची आहे. पण मी वही काढून नुसत्या तारखा उतरवून घेतल्या, तेव्हा त्यानं चहा मागवला. त्या संपूर्ण महिन्यात नऊ लग्नं होती. मला तीस वाटत होती. नऊतली सहा दुपारची. मी घड्याळ लावून पाहिलं होतं, वरात येण्यापासून अक्षता पडेपर्यंत साधारण दोन तास, मग जेवणावळी, त्यांचा त्रास नाही. चहा पिता पिता मी दोन गोष्टी मागितल्या. जनरेटरचं तोंड रस्त्याकडे करा आणि डीजे आमच्या भिंतीला न लावता पलीकडे लावा. जनरेटर आठ दिवसांत फिरला. डीजेला तीन महिने लागले, आणि तोही खालांनी मॅनेजरच्या बायकोचे ब्लाउज अडवून धरल्यावर हलला.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला मी तारखा आणायची आणि फ्रिजवर लावायची. लग्नाच्या दिवशी मुलगी डबा घेऊन अभ्यासिकेत जायची. लातूरला अभ्यासिकांना तोटा नाही. स्कूटी मी आदल्या संध्याकाळी खालांच्या दारात नेऊन ठेवायची. माझं धुणं, दळण, बाजार त्या तारखा बघून ठरायला लागलं. मोबाइलवरची घरं बघणं एकदम थांबलं नाही. आधी आठवड्यातून एकदा केलं, मग सुटलं.

चैत्र-वैशाख जड गेले, खोटं कशाला सांगू. वैशाखात एकदा सलग पाच दिवस लग्नं होती, आणि चौथ्या दिवशी मी मुलीला घेऊन सरळ नांदेडला निघून गेले. बसमध्ये बसल्या बसल्या आम्ही दोघी झोपलो, ते लोहा गाव आलं तेव्हा जाग आली. मग पुन्हा आषाढ आला, फाटकाला साखळी लागली. त्या चार महिन्यांत मुलीनं बारावीचा बराच अभ्यास वरच्या खोलीत बसून उरकला.

दुसऱ्या वर्षी पौषात एजंटचा फोन आला. मी त्याला सांगितलेलं विसरूनही गेले होते. उदगीरचं कुटुंब होतं, त्यांना लातूरला घर हवं होतं. “पौषात व्यवहार करायचा न्हाई म्हणतात ते. पण बघायला काय हरकत हाय,” तो म्हणाला.

रविवारी ते आले. नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी आई. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे पलीकडे शुकशुकाट होता. बायकोनं कपाटं उघडून पाहिली. तिच्या नवऱ्यानं पाण्याचे प्रश्न विचारले, सगळे बरोबर क्रमानं. आजी मागच्या अंगणात ऊन खात बसल्या आणि म्हणाल्या, “किती शांत हाय गं हितं.”

माझा नवरा मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजला, “गप बस. पौष हाय. तुझं काम झालं म्हणून समज.”

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि सांगून टाकलं. पलीकडे मंगल कार्यालय आहे. आत्ता शांत आहे, माघात या म्हणजे ऐकू येईल. एजंटनं कपाळावर हात मारला. पण सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. तारखा कुठं मिळतात, मॅनेजरशी कोणत्या वेळी बोलावं, वरची पूर्वेची खोली मुलांना द्यावी कारण तिथं आवाज निम्मा येतो, अभ्यासिका कोणती चांगली, समोरच्या खालांना आधी भेटा, त्या म्हणतील तसं करा.

“तू घर विकून राहिली की शिकवणी घेऊन राहिली?” नवऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

उदगीरच्या माणसाचा चेहरा उतरला होता. पण आजी खुशीत आल्या. “लग्नं दिसतील म्हण की भिंतीवरून! गावाकडं दिवसभर भिंतच बघत असते मी. आपल्याला चालतंय रे पोरा.”

संध्याकाळी एजंटचा फोन आला. ते घ्यायला तयार होते. सगळं ऐकूनही.

आता माझ्याकडे न विकायचं कारण उरलं नव्हतं. गिऱ्हाईक होतं, त्यांना फसवलेलं नव्हतं, नवराही राजी होता. मी मुलीला वरून बोलावलं आणि विचारलं, परीक्षा झाल्यावर इथून निघायचं का?

तिनं पुस्तकात बोट ठेवून विचारलं, “कुणासाठी?”

“तुझ्यासाठीच. तुझा अभ्यास बिघडला ना या घरात.”

“माझा कुठं बिघडला? मला तारखा पाठ आहेत. रडायला तूच लागायचीस, मी नाही.” मग म्हणाली, “मघाशी तू त्या लोकांना इतकं छान सांगत होतीस, मला वाटलं आता तू त्यांना देणारच नाहीस.”

मी एजंटला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, “मॅडम, आधी गिऱ्हाईक पळवायला बघितलंव, ते पळलं न्हाई तर आता हाकललंव. तुमच्यासारखं मालक मी बघितलं न्हाई.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला जेवायला बोलावलं, पण तो आला नाही.

दोन दिवसांनी मुलीच्या खोलीत पुस्तकांची मांडणी करायला सुतार आला. भिंत ठोकून बघत त्यानं विचारलं, “सुटी ठेवू का ताई? पुढं-मागं घर बदललंत तर नेता येईल. का भिंतीतच बसवू?”

“भिंतीतच बसवा,” मी म्हटलं, आणि त्याला मापं लिहून दिली.