साडूंचं खग्रास

ग्रहणाच्या बाबतीत आमच्या साडूंइतका कमनशिबी माणूस नगर जिल्ह्यात जन्मलेला नाही, आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं म्हणून त्यांच्या नशिबात काही फरक पडेल असं मला वाटत नाही. खग्रास सूर्यग्रहण एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि बायकोला दाखवायचं, एवढी एकच हौस या गृहस्थांनी आयुष्यात केली. त्यांना दारू नाही, पत्ते नाहीत, निवडणुकीला उभं राहण्याची खाजसुद्धा नाही. पण या एका हौसेपायी त्यांनी स्वतःला, आक्कांना आणि मला जेवढा ताप दिलाय, तेवढ्या तापात दोन-तीन निवडणुका सहज निघाल्या असत्या. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. मी नगरला पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. सूर्य पूर्ण दिसला काय आणि अर्धा दिसला काय, माझं कधीच काही अडलं नाही. तरीही सोनईहून फोन आला की मी आधी खुर्ची ओढून बसतो, कारण साडू 'हॅलो' म्हणत नाहीत. ते एकदम म्हणतात, "पाव्हनं, जागा बघितली."

साडूंचा सोनईत मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. त्यामुळे त्यांना जगातलं कुठलंही मोकळं मैदान मोकळं दिसत नाही. देवदर्शनाला नेलं तर देवाकडे पाठ करून ते पटांगणाकडे बघत उभे राहतात आणि म्हणतात, "हितं स्टेज, तिकडं आचारी. वारा असा येतोय, म्हंजी धूर पंगतीत यायचा न्हाई." माझ्या वडिलांच्या दहाव्याला माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बराच वेळ गप्प उभे होते. मला भरून आलं. मग हळूच कानाशी येऊन म्हणाले, "कोपऱ्यातला खांब चुकीच्या जागी रोवलाय." धंद्याच्या सुरुवातीला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाईट गेली होती आणि वऱ्हाडी त्यांच्या अंगावर धावून आले होते. त्या दिवसापासून अंधार म्हटला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो. घरी नुसतं आभाळ आलं तरी ते उठून दिवा लावतात. अशा माणसाला भर दिवसा अंधार पडलेला बघायची हौस का असावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

साडूंचं लग्न होऊन दोन-एक वर्षं झाली होती. दिवाळीच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं आणि राजस्थानात ते खग्रास दिसणार होतं. साडूंनी जीप ठरवली, सोबती ठरवले, दशम्या ठरवल्या. तेवढ्यात आक्कांना दिवस राहिले. साडूंच्या आईने निकाल दिला : "पोटुशी बाई ग्रहन पाळंल, आन् तू उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई." आक्कांना आतल्या खोलीत बसवलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, अंग खाजवायचं नाही. जीप दुसऱ्यांना घेऊन गेली. आपल्याकडे ग्रहण अर्धवटच दिसणार होतं, तरी साडूंनी अंगणात परातीत हळदीचं पाणी ठेवलं, त्यात सूर्य बघितला आणि बंद दाराशी येऊन आक्कांना सांगू लागले. "वरनं कुरतडलंय," ते सांगत. आतून आवाज येई, "आन् आता?" साडू परातीकडे पळत, परत येत. "आता ईळ्यावानी झालंय." "आन् आता?" असं ग्रहण सुटेपर्यंत चाललं. साडूंच्या आईला हे इतकं लाजिरवाणं वाटलं की ती देवघरात जाऊन बसली. पण त्या दाराशी साडूंनी शब्द दिला : पुढचं ग्रहण तुला दाखवीन, पुरं दाखवीन, माझ्या शेजारी बसवून दाखवीन. पुढे मुलगी झाली, धडधाकट झाली, आणि साडूंच्या आईने त्याचं सगळं श्रेय मरेपर्यंत त्या गोधड्यांना दिलं.

दोन हजार नऊ सालचं खग्रास सुरतेवरून जाणार होतं, आणि तेही भर पावसाळ्यात. शहाणा माणूस ढगांचा विचार करून घरी बसला असता. साडूंनी विचार केला तो असा, की पाऊस आहे म्हणजे मंडप पाहिजे. टेम्पोत बांबू चढले, ताडपत्र्या चढल्या, जनरेटर, फोकस आणि आचारी चढला, उरलेल्या जागेत आम्ही नातेवाईक. शिवाय आक्कांसाठी नवरीला बसवायची लाल मखमलीची खुर्ची. सुरतेच्या अलीकडे एका ओळखीच्या केटररच्या शेतात मंडप उभा राहिला. छताखाली बसल्यावर आकाश कसं दिसणार, असं मी विचारलं, तेव्हा साडूंनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मुकाट्याने पूर्वेकडचा पडदा वर गुंडाळला. सूर्य ढगातच उगवला. बायका नावं ठेवू लागल्या. आचाऱ्याने कांदे चिरायला घेतले. आणि अगदी ऐन वेळी ढग जरासे फाटले. कोर दिसली. ती बारीक होत गेली, वारा गार झाला, बोलणारे बोलायचे थांबले आणि अंधार शेतावरून चालत आमच्याकडे आला. मी खोटं बोलणार नाही, माझ्याही अंगावर काटा उभा राहिला. त्याच क्षणी जनरेटर फुरफुरला आणि सगळे फोकस एकदम लागले.

हात गेला होता. इतकी वर्षं ज्या अंधारासाठी जीव टाकला, तो समोर आल्यावर साडूंनी बटण दाबलं. आणि धंद्याच्या सवयीने फोकस लावलेले होते ते नेमके नवरीच्या खुर्चीवर. आक्का लख्ख उजेडात डोळ्यांवर पदर धरून बसल्या होत्या. मग जो आरडाओरडा झाला, त्यात साडूंना बंद करायचं बटण सापडेना. सापडलं तोवर ढग पुन्हा मिटले होते आणि पूर्वेकडे साधी सकाळ होत होती. परतीच्या वाटेवर साडू टेम्पोत बांबूंवर बसून आले. नाशिक मागे पडल्यावर आक्का म्हणाल्या, "चहा लई चांगला झाल्ता." ती त्यांनी घातलेली समजूत होती, पण साडूंनी तोंड फिरवलं.

एवढ्यावर कुणीही नाद सोडला असता. साडूंनी सोडला नाही. फक्त पुढच्या वेळी जनरेटर न्यायचा नाही, एवढाच धडा घेतला. मात्र मधल्या काळात आक्कांची साखर वाढली, आणि गेल्या तीन-चार वर्षांत ती डोळ्यांच्या पडद्यावर उतरली. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ती नजर थोपवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. साडू तेव्हा चौतीस साली काश्मीरला दिसणाऱ्या ग्रहणाची तयारी करत होते. डॉक्टरांकडून आले आणि काश्मीर रद्द करून इजिप्त म्हणाले, सत्तावीस सालचं. मी म्हटलं, "साडूभाऊ, परदेश कशाला? काश्मीर आपलंच आहे, थोडं थांबा." ते म्हणाले, "ग्रहन थांबंल, पाव्हनं. तिची नजर न्हाई थांबत."

तेव्हापासून सोनईत इजिप्तची तयारी चालू आहे. तिकडे पाऊस पडत नाही हे कळल्यावर साडूंना पहिल्यांदा काळजी वाटली. "मंग मान्सं बसतात कशाखाली?" सूर्य त्या वेळी जवळजवळ डोक्यावर असणार, म्हणजे आक्कांची मान दुखणार, म्हणून त्यांनी उशाकडे चढ असलेली बाज करून घेतली. ती बांबूंसारखी सुटी होते आणि पोत्यात बसते. तिची परीक्षा म्हणून मला भर दुपारी अंगणात, काळा चष्मा लावून तिच्यावर झोपवलं. रस्त्याने जाणारे थांबून माझ्या तब्येतीची चौकशी करत होते. पासपोर्टच्या फोटोला आक्कांना कॅमेरा कुठे आहे ते समजेना, तेव्हा साडू फोटोवाल्याच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या फोटोत आक्का हसताहेत. मला मात्र तो बघवत नाही. आधी साडू म्हणत, तिला सूर्याभोवतीचं तेज दिसलं पाहिजे. मग म्हणू लागले, ते ऱ्हाऊ दे, दिवसा चांदनी दिसली तरी झालं. आणि हल्ली फोनवर म्हणतात, "उजेड गेल्याचं कळलं तरी लई झालं, पाव्हनं."

गेल्या महिन्यात मी सोनईला गेलो होतो. संध्याकाळची वेळ. आक्का जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडत होत्या. साडू मला इजिप्तमधल्या लक्सरचा उन्हाळा समजावून सांगत होते, तेवढ्यात लाईट गेली. खोलीत अंधार झाला. इन्व्हर्टरचं बटण साडूंच्या हाताशी होतं. त्यांचा हात उठलेला मला पुसट दिसला. तो मध्येच थांबला आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. ते आक्कांकडे बघत होते. आक्का मेथी निवडतच राहिल्या. माझ्या लक्षात आलं, आणि मी मनातल्या मनात म्हणू लागलो, बाई, काहीतरी बोला. पंख्याची पाती हळूहळू थांबली. तेव्हा आक्कांनी मान वर केली.

"लाईट गेली वाटतं. आवं, इन्व्हर्टर लावा की, पाव्हन्यांना अंधारात बसवलंय."

साडू हलले नाहीत. "तुला अंधार कळला, का पंखा?"

आक्कांनी मेथीची एक काडी उचलली. मग खरं तेच बोलल्या. "पंखा."

हातातली काडी आक्कांनी मोडली. "मंग काय झालं? तवा तरी मी कुठं बघितलं हुतं? तुमी दाराबाहेरनं सांगत हुता. तसंच सांगा तिकडं गेल्यावर."

"आगं, मला तरी कुठं म्हाईत हाय ते कसं दिसतं?" साडूंचा आवाज फाटला. "मी बटन दाबत हुतो."

"मंग ह्या येळी नीट बघा. हात मी धरून ठिवते." एवढं म्हणून त्यांनी खरंच हात पुढे केला, आणि साडूंनी मांडीखालचा हात काढून त्यात दिला. "चला, सांगून बघा. आता काय दिसतंय?"

साडूंनी घसा खाकरला. "अंधार हाय. तुझ्या म्होरं मेथी हाय. पाव्हनं भिताडाला टेकून बसल्यात."

"आन् आता?" आक्का म्हणाल्या.

त्या अंधारात साडूंचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं तेच बरं होतं. दुसऱ्या दिवशी नगरला आलो आणि मीही पासपोर्ट काढायला टाकला. आक्कांनी साडूंचा एक हात धरून ठेवायचा म्हटल्यावर बाजेचं पोतं उचलायला कुणीतरी लागणारच.