सत्ताविसाव्या मजल्यावरचं मचाण

शेजारचे नामदेवभाऊ गेल्याचा शीलाचा फोन आला तेव्हा मी बोथच्या बाजारात मिरच्या निवडत होतो. त्याच हातानं डोळे पुसले... सगळ्या बाजाराला वाटलं, माणूस फारच रडून राह्यला. भाऊंना हे सांगता आलं असतं तर पोट धरून हसले असते.

शीला ही त्यांची एकुलती लेक. हैदराबादला सत्ताविसाव्या मजल्यावर राहते. वारं सुटलं की इमारत हलायची आणि तिला मळमळायचं. हौसेनं घेतलेलं घर सोडायचं म्हणू लागली. गावाबाहेर कधी चार दिवस न राहिलेले भाऊ मला म्हणाले, "चाल रे अरुण्या, पोरगी भेऊन राह्यली." धीर द्यायला मी... निवड पाहा!

हैदराबादला पोचल्याच्या दुसऱ्याच दुपारी वारं उठलं. तांब्यातलं पाणी काठाकडे सरकलं, भिंत कुठंतरी करकरली. "भूकंप!" म्हणून मी ओरडलो आणि बनियनवरच सत्तावीस मजले उतरलो, काखेत लोणच्याची बरणी. बरणीच काऊन उचलली, ते मला आजही सांगता येत नाही. खाली वॉचमन म्हणाला, "हवा है साब, रोज का है."

वर आलो तर भाऊ विचारतात, "लोणचं वाचलं ना बापा?" शीला खुदकन हसली. मग भाऊ तिला म्हणाले, "ज्वारी राखाले मचाण बांधो, त्याच्यावर तू दुपारची झोपे. ते काय कमी हाले? तवा नाई भेली."

"तवा तुमी बाजूला होते, बाबा."

भाऊ उठून तिच्या बाजूला जाऊन बसले. "खिळे ठोकलेलं मचाण वाऱ्याच्या एका वावधानात मोडते, माय. दोरीनं बांधलेलं डोलते, मणून टिकते."

भाऊ दोन महिने तिथंच राहिले. तांब्या दोरीनं पंख्याच्या रिकाम्या कडीला टांगला. वारं आलं की शीलाजवळ बसायचे, तळहात भिंतीला लावून म्हणायचे, "डोलून राह्यली, पडून नाई राह्यली." तांब्या थांबला की उठायचे. कापूस वेचायला गावी परतले आणि तिथंच गेले.

परवा शीलाकडे गेलो. आता ही घर सोडणार, अशी धास्ती होती. मला पाहताच तिनं आधी बरणी वरच्या फळीवर ठेवली. तिसऱ्या प्रहरी वारं सुटलं, तांब्या डोलू लागला आणि माझे पाय चपला शोधू लागले. शीलानं एक तळहात भिंतीला लावला, दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं.

"बसा काका. डोलून राह्यली..."

पुढचं तिच्यानं बोलवेना. मीच बोललो. मग तांब्या थांबेस्तोवर दोघंही उठलो नाही.